कुंपणाबाहेरची दीर्घिका

आमच्या पुतणीबद्दल नात्यात एक गोष्ट सांगितली जाते. मुलगी हुशार होती, आकाशातल्या गॅमा किरणांवर संशोधन करत होती, पण धांदरट. घाईघाईत काहीतरी चुकीचं जाहीर केलं, तोंडघशी पडली आणि शेवटी सगळं सोडून पुण्यात नोकरीला लागली. ही गोष्ट मी लग्नांत आणि मुंजींत ऐकली आहे. नागपूरच्या माझ्या एका मावसबहिणीने तर ती माझ्यासमोरच आपल्या मुलाला ऐकवली. "नुसतं हुशार असून भागत नाही रे, हाताला शिस्त पाहिजे." मी आणि माझी बायको त्यांच्याच पंक्तीत बसलो होतो. मी वाढप्याकडे मठ्ठा मागितला.

गोष्ट खोटी आहे. हाताला शिस्त नव्हती ती माझ्या. ज्यांनी ज्यांनी ती ऐकली आणि पुढे सांगितली, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा ही शाळेत होती. भावजयीची नोकरी आडगावी, तिथे पुढच्या शिक्षणाची सोय नाही, म्हणून पोर आमच्याकडे भोपाळला आली आणि कॉलेजला जाईपर्यंत राहिली. आम्हाला मूलबाळ नाही. ती मला काका आणि माझ्या बायकोला काकू म्हणत असली, तरी शाळेच्या पालकसभेला आम्हीच जायचो आणि तिच्या तापात आम्हीच जागायचो.

मी अमरावतीकडचा. सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून भोपाळला आलो आणि इथलाच झालो. कारखान्यात मात्र मी कधी काम केलं नाही. टाउनशिपच्या वीजपुरवठा ऑफिसात होतो. टाउनशिपची शाळा आपली, दवाखाना आपला, पाण्याची टाकी आपली, भोंगा आपला, आणि या सगळ्याभोवती एक लांबच लांब भिंत. भिंतीच्या आत जे बिघडेल ते आपण दुरुस्त करायचं. बाहेरच्याशी संबंध नाही. एखादी तक्रार आली आणि कोणी "बाहर का मामला है" म्हणालं की रजिस्टर मिटायचं. इतकी वर्षं त्या भिंतीच्या आत राहिलं की ती माणसाच्या डोक्यातही उभी राहते. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून भिंतीपलीकडची एक वस्ती दिसायची. वस्तीतले लोक आमच्या शेवटच्या लाइनवर आकडे टाकून वीज घ्यायचे. त्यामुळे लाइनवर गेलेली वीज आणि त्या ओळीतल्या क्वार्टरांच्या मीटरवर आलेली वीज यांचा मेळ कधी बसत नसे. पण आमच्या तक्त्यात वस्तीला रकानाच नव्हता. जी जागा आपल्या नकाशात नाही तिच्या नावावर काही टाकणार कसं? तेव्हा जी युनिटं उरत, ती त्या शेवटच्या ओळीतल्या घरांवर वाटून दिली जात. पद्धत माझ्या आधीपासूनची होती. मी ती बदलली नाही. एकदा त्या ओळीतल्या एक बाई ऑफिसात आल्या.

"साहब, हम तो पूरा महीना गाँव में थे. घर में ताला लगा था."

"बहनजी, मीटर झूठ नहीं बोलता," मी म्हणालो.

मीटरने काही म्हटलंच नव्हतं. त्यांच्या डोक्याच्या वर, खिडकीतून, वस्तीतले दिवे मला दिसत होते.

निवृत्तीनंतर क्वार्टर लीजवर आमच्याकडेच राहिला. पुतणी तोवर दक्षिणेकडच्या एका संस्थेत संशोधनाला लागली होती. एका उन्हाळ्यात बायको न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. पुतणी सामान घेऊन हजर. "माझं काम कुठूनही होतं काकू. आकाश काय, इथेही तेच आहे." बिट्टन मार्केटच्या हाटातून पिशव्या भरून भाजी आणायची, स्वयंपाक करायचा, काकूची वेणी घालायची आणि मधल्या वेळात जेवणाच्या टेबलावर बसून संशोधन करायचं, असा तिचा दिवस होता. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला तिने नवं आयुष्य दिलं आणि मला थोडंथोडं शिकवलं. निवृत्त माणसाला कोणी काम सांगितलं की बरं वाटतं. मी तिचा सहायक झालो.

ते काम काय होतं, हे मला समजलं तसं सांगतो. पृथ्वीभोवती एक दुर्बीण फिरते. ती गॅमा किरणांचे कण, म्हणजे फोटॉन, एकेक करून टिपते. हा फोटॉन अमुक वेळी, अमुक दिशेने, इतक्या ऊर्जेचा आला, एवढं तिला कळतं. पण दिशा नेमकी कळत नाही, धूसर कळते. त्या दिशेला आकाशात एकमेकींजवळ दहा ठिकाणं चमकत असतील तर हा कण नक्की कोणाचा? ते ठरवायला सॉफ्टवेअर आहे. आपण त्याला आकाशाचं एक वर्तुळ द्यायचं आणि एक यादी द्यायची, की या भागात हे हे उगम आहेत, इतके इतके तेजस्वी आहेत. मग ते प्रत्येक फोटॉनपुढे प्रत्येक उगमाचा रकाना मांडतं आणि त्यात शक्यता भरतं. हा कण या दीर्घिकेचा असण्याची शक्यता इतकी, त्या दुसरीची इतकी, सगळीकडे पसरलेल्या मंद उजेडाचा असण्याची इतकी. सगळ्या रकान्यांची बेरीज एक. म्हणजे कण कुणाच्या तरी पदरात टाकायचाच, आणि ज्याचं नाव यादीत आहे त्याच्याच पदरात टाकायचा.

पुतणीचा सगळा अभ्यास एका फिकट दीर्घिकेवर होता. तिच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर आहे आणि अशा दीर्घिका कधीकधी अचानक भडकतात, हे ठाऊक होतं. ही मात्र कधी भडकलेली कोणी पाहिली नव्हती. काकू तिला "तुझी झोपाळू" म्हणायची. "आज तरी उठली का गं तुझी झोपाळू?" हा चहाच्या वेळचा रोजचा प्रश्न.

एका दुपारी नव्या आठवड्याचे फोटॉन उतरवून घेतले होते. पुतणी पोळ्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, "काका, सुरू करून द्या ना तेवढं. पोळ्या झाल्या की बघते."

मी सुरू केलं. थोडं चाललं आणि मध्येच बंद पडलं, मेमरी पुरत नाही म्हणून. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. कूलरच्या आवाजात मला स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज ऐकू येत होता आणि पोळ्या व्हायच्या आत काम करून दाखवावं असं वाटत होतं. मी यादी उघडली. लांबलचक होती. शेवटी एक गठ्ठा होता, त्याच्यावर तिने खूण केली होती की हे उगम वर्तुळाच्या बाहेरचे. मी वाचलं, "बाहेरचे." आमचा अभ्यास वर्तुळाच्या आतला. मग बाहेरच्यांचं ओझं या गरीब मशीनवर कशाला? मी तो गठ्ठा काढून टाकला आणि फाइल त्याच नावाने ठेवली. या वेळी काम सुरळीत पार पडलं. फ्यूज बदलल्यावर गल्लीतले दिवे लागले की जे वाटायचं, अगदी तसं वाटलं.

ओळी काढल्याचं तिला जेवताना सांगणार होतो. पण ती जेवायला बसलीच नाही. पिठाच्या हातानेच कॉम्प्युटरसमोर आली, आकडे वरखाली केले, आणि ओरडली, "काकू! झोपाळू उठली!"

फोटॉनमागून फोटॉन तिच्या दीर्घिकेच्या रकान्यात पडला होता, आणि शक्यता जवळजवळ एकच्या घरात. काकूने डाव्या हाताने साखरेचा डबा उघडला आणि दोघींनी एकमेकींच्या तोंडात साखर कोंबली. पुतणीने माझ्या पाया पडून मला लाजवलं. "तुम्ही चालवलंत काका, तुमच्या हाताला यश आहे."

संध्याकाळी तिच्या मार्गदर्शकांशी फोनवर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, असं काही भडकलं तर ते लगेच कळवावं, म्हणजे जगातल्या इतर दुर्बिणी त्या दिशेला वळतात. उद्या दुसरं कोणी कळवायच्या आत कळवू. ती तरीही म्हणाली, "सर, एकदा संस्थेच्या मशीनवर चालवून बघते." तिने इथूनच तिथल्या मोठ्या मशीनवर काम लावलं. यादी मात्र तीच पाठवली, मी कापलेली. उत्तरही अर्थात तेच आलं. "दोनदा तपासलं," ती म्हणाली, आणि निश्चिंत झाली.

त्यानंतर आम्ही तिघं पायरीवर बसलो होतो. लग्नसराई. टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये एक वरात उतरली होती, भिंतीपलीकडे दुसरी चालली होती. काकूने विचारलं, "पण ते कण याच दीर्घिकेचे हे त्या मशीनला कळतं कसं?"

"ऐक ना. आता सनई कुठून येते आहे?"

"हॉलमधून. एवढं नाही का कळत?"

"आणि ढोल?"

काकू कान देऊन राहिली. "ढोल काय, सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो."

"तसंच आहे. जास्त ऊर्जेचा फोटॉन म्हणजे सनई, दिशा लगेच सांगतो. कमी ऊर्जेचा म्हणजे ढोल. ढोलाच्या बाबतीत मशीनला यादी लागते, की आज कुठे कुठे लग्न आहे."

"आणि यादीत नाही अशा ठिकाणी कोणी लग्न काढलं तर?"

"मग शेजाऱ्यावर आळ," पुतणी हसून म्हणाली. "हॉलमध्ये सामसूम असली तरी मशीन म्हणणार, ढोल हॉलमधलाच. म्हणून तर वर्तुळाबाहेरचेही घ्यायचे यादीत. त्यांचा उजेड सांडतो ना आत. घेतलेत आपण. हो की नाही, काका?"

मी म्हणालो, "हं."

माझ्या पायाखालची पायरी सरकली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तसं काही झालं नाही. वरात पुढे गेली. त्या क्षणी मला सगळं समजलं होतं. आता सांगितलं तर काय होईल तेही समजलं होतं. ती हिरमुसेल, पुन्हा चालवेल, झोपाळू बहुधा पुन्हा झोपलेली निघेल, आणि फार तर काकू मला बोलेल. एवढंच. जाहीर अजून काही झालं नव्हतं. पण बाप गेल्यापासून ती पोर माझ्यासमोर इतकी मोकळी हसली नव्हती, आणि माझ्या हाताला यश आहे असं आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, कदाचित बाहेरच्यांचा उजेड सांडला नसेलही. कदाचित खरोखरच उठली असेल.

सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा वाटेत वाक्य जुळवलं होतं. घरी आलो तर ती आईशी फोनवर बोलत होती आणि रडत होती. "आई, काकांनी पण मदत केली गं." मी दूध तापायला ठेवलं. दुपारच्या आत तिच्या मार्गदर्शकांनी सगळ्या जगाला कळवलं.

पुढचं सांगायला फार नाही. काकूचं प्लास्टर निघालं, पुतणी परत गेली. तिकडे कुठल्या कुठल्या दुर्बिणी आपली कामं बाजूला ठेवून तिच्या दीर्घिकेकडे वळल्या, आणि त्यांना दीर्घिका होती तशीच फिकट दिसली. दुसऱ्या एका गटाने दाखवून दिलं की भडकलेली दीर्घिका वेगळीच आहे, तिच्या वर्तुळाला अगदी लागून, पण बाहेर. माघार घ्यावी लागली.

तिचा फोन आला. "काका, मी ट्रायल घेताना एकदा बाहेरच्या ओळी काढल्या होत्या. तीच फाइल वापरली गेली माझ्याकडून. परत घातल्याचं मला आठवतंय, पण घातल्या नसणार. इतकी कशी हो मी गाढव?"

मी म्हणालो, "होतं असं, बाळा."

मी काढलेल्या ओळींपेक्षा हे वाक्य वाईट होतं.

मार्गदर्शक तिला लागेल असं काही बोलले नाहीत. पण त्यानंतर तिची प्रत्येक फाइल आणखी कोणाकडून तरी तपासून घ्यायला लागले. तेही समजण्यासारखं होतं. मग तिने स्वतःच स्वतःची प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायला सुरुवात केली, काम पुढे सरकेना, आणि प्रबंध अर्धा टाकून तिने पुण्यात नोकरी धरली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची नोकरी. सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हा निघताना गॅस बंद केला की नाही हे ती पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. कुलूप ओढून बघायची, रिक्षात बसायची, उतरायची, परत ओढून बघायची. आमटीला मीठ घातल्यावर विचारायची, "काकू, मी मीठ घातलं ना?" काकू म्हणायची, "घातलंस गं बाई, माझ्यासमोर घातलंस." आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचो.

यंदा ती महालक्ष्म्यांना आली. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. आदल्या दिवशी दोघी बिट्टन मार्केटला जाऊन भाज्या घेऊन आल्या आणि जमिनीवर पेपर पसरून निवडायला बसल्या. मी दारातल्या खुर्चीवर होतो. बोलता बोलता पुतणी म्हणाली, "सरांचा मेल आला होता. नवं काम सुरू करतायत, पूर्वीचंच पुढे. म्हणाले, येतेस का परत?"

काकूच्या हातातली गवार थांबली. "मग? काय कळवलंस?"

"अजून काही नाही. नाही म्हणणार आहे."

"का गं?"

"काकू, माझ्या हाताचा मला भरवसा नाही. मी परत काहीतरी सोडीन आणि सगळ्यांना तोंडघशी पाडीन. उद्या पूजा झाली की कळवून टाकते."

मी खुर्चीतून म्हणालो, "त्या ओळी मी काढल्या होत्या."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, आवाज कापेल, पण वीज ऑफिसात तक्रार नोंदवावी तसा कोरडा निघाला. मी सगळं सांगितलं. मेमरी, पोळ्या, गठ्ठा, पायरी, दूध. बोलत असताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही. समोर पेपरवर पडवळ होतं, त्याच्याकडे बघत बोललो.

आधी काकू बोलली. "अहो, तुम्ही तिथे बसून ऐकत होतात? ही पोरगी गॅसपाशी उभी राहायची तेव्हा? तुमची मावसबहीण भर पंक्तीत बोलली तेव्हा?"

"हो."

"आणि मठ्ठा पीत होतात!"

काकूने गवारीचा ढीग उचलून दुसरीकडे ठेवला, परत पहिल्या जागी ठेवला.

पुतणीने एवढंच विचारलं, "का काढल्यात पण? मी खूण करून ठेवली होती ना त्यांच्यावर?"

"बाहेरच्या होत्या म्हणून," मी म्हणालो.

हे म्हणताना माझं मलाच ऐकू आलं, आणि कितीतरी वर्षांनी ती बाई आठवली, घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलेली.

"पायरीवर मी तुम्हाला विचारलं होतं," पुतणी म्हणाली. "तुम्ही 'हं' म्हणालात. म्हणून मी तुमच्याकडे वळलेच नाही, काका. मला वाटलं, काकांनी यादीला हात लावलेला नाही, म्हणजे आधीच मी ती बिघडवून ठेवली होती. त्या एका 'हं'वर मी स्वतःला इतकी वर्षं तपासते आहे."

ती उठून बाहेर गेली. काकू मला म्हणाली, "जाऊ नका तिच्यामागे." मी गेलो नाही. खिडकीतून दिसत होतं, ती रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन भिंतीपाशी उभी राहिली. भिंतीला तिथे आता भगदाड आहे, पलीकडच्या वस्तीतली मुलं त्यातून आमच्या मैदानात खेळायला येतात. त्यांचा चेंडू तिच्या पायाशी आला, तो तिने फेकून दिला, आणि परत आली.

"तो जुना कॉम्प्युटर चालतो का?"

चालत होता. काकूने त्यावर भरतकामाचं आच्छादन घातलं होतं, पुतणीने ते काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. जुनी यादी, जुने फोटॉन, सगळं होतं तिथेच होतं. मी बाजूला स्टूल घेऊन बसायला लागलो.

"तिथे नाही. खुर्चीत बसा. तुम्ही काढल्यात, तुम्हीच घाला."

तिने फोनवर उगमांची मूळ सूची उघडून माझ्यासमोर धरली. मी एकेक ओळ टाइप करत गेलो. डोळ्यांनी नीट दिसत नाही, एका ठिकाणी आकडा चुकला आणि प्रोग्राम अडला. ती काही सांगेना. "वाचा काय म्हणतोय," एवढंच म्हणाली. मी वाचलं, शोधलं, सुधारलं. सुरू केल्यावर मेमरी पुरेना, तेव्हा तिने पुढे वाकून फोटॉनांचे छोटे छोटे गट केले आणि एकेक गट चालवायला लावला. इतकं सोपं होतं. त्या दुपारी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं.

वेळ लागला. काकू उरलेल्या भाज्या घेऊन तिथेच येऊन बसली. मग आकडे आले. जे फोटॉन झोपाळूच्या रकान्यात होते, ते जवळजवळ सगळे त्या बाहेरच्या दीर्घिकेच्या रकान्यात गेले होते. हे होणार हे तिला माहीत होतं, मलाही. तरी तिघंही पडद्याकडे बघत राहिलो.

पुतणीने माझ्या खांद्यावरून हात पुढे घालून तेव्हाच्या बाकीच्या फाइल उघडल्या. वेळा, ऊर्जेच्या मर्यादा, दुर्बिणीच्या स्थितीचे आकडे. एकेक वाचत, बोट फिरवत गेली. खूप वेळाने म्हणाली, "फोटॉनांचा नकाशा काढायला हवा होता. काढला असता तर उजेड एका बाजूला झुकलेला दिसला असता. तेवढं माझं." मग शेवटची फाइल मिटून, "बाकी सगळं बरोबर केलं होतं की मी."

"होतंच," काकू म्हणाली.

"उठा काका, मला बसू द्या."

मी उठलो. ती खुर्चीत बसली आणि नकाशा काढायला लागली. मी स्टुलावर बसलो. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही म्हणालेली नाही, आणि मी विचारलेलं नाही. फक्त पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी मला धांदरट म्हटलं, त्या सगळ्यांना हे तुम्ही सांगायचं. आणि सरांनाही. मी सांगणार नाही."

सरांना मी दुसऱ्या दिवशी पूजेआधी फोन केला. आधी मी कोण, हेच त्यांना कळेना. कळल्यावर म्हणाले की त्यांनीही घाई केली होती. मावसबहिणीलाही फोन केला. ती म्हणाली, "अगं बाई! मग आता?" उरलेल्यांसाठी हा मजकूर.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. काकूने विचारलं, "त्या मेलचं काय?"

"कळवलं. येते म्हणून."

डब्यात भरायच्या पुऱ्या तिनेच तळल्या, कढई उतरवली, गॅस बंद केला, हात पुसले आणि पिशवी उचलून रिक्षात जाऊन बसली. रिक्षा वळली. मी आणि काकू फाटकापाशी उभे होतो. काकू माझ्याकडे न बघता आत गेली, सरळ स्वयंपाकघरात. मला वाटलं, चहा टाकायला गेली. पण ती शेगडीसमोर वाकून बटण बघत होती.

"बंद आहे," ती म्हणाली.